बरा झालेला माणूस जाणार कुठे?

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



यंदा कार्यकारिणीने विषय दिला आहे ‘दुःखातून आशेकडे’. या व्यासपीठावरून कीर्तनकार बोलून गेले, प्राध्यापक बोलून गेले. त्यांच्या पंक्तीत बसण्याची आमची ऐपत नाही. आम्ही डिप्लोमा करून पीएचई खात्यात लागलेली माणसं. वीसेक वर्षं हँडपंप, बोअर, नलजल योजना आणि पाइपलाइनच्या गळत्या यांत गेली. त्यामुळे आज जे सांगणार आहोत त्यात तत्त्वज्ञान कमी आणि माती-पाणी जास्त असेल, ते गोड मानून घ्यावं.

आणखी एक. बोलायला इथे एकच जण उभा आहे, पण बोलणं नऊ जणांचं आहे. गेल्या डिसेंबरात आपल्या मंडळातले आम्ही नऊ जण रेल्वेने नागपूरला आणि तिथून पुढे वरोऱ्याला, आनंदवनात जाऊन आलो. परतीच्या गाडीत रात्रभर जे बोलणं झालं, त्यातलंच बरंचसं आज मांडायचं आहे. म्हणून ‘आम्ही’. मोठेपणासाठी नव्हे.

आनंदवन म्हटल्यावर समोरच्या बऱ्याच माना हलल्या. बरोबर आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आनंदवनची भेटकार्डं येत असत, काहींच्या आजोबांनी मनीऑर्डरी केलेल्या आहेत. बाबा आमटे आणि साधनाताईंची गोष्ट आपल्याला पाठ आहे. ती पुन्हा पहिल्यापासून सांगत बसणार नाही. पण त्या गोष्टीत एक प्रश्न आहे, त्याच्याभोवती आम्ही त्या रात्री फिरत होतो. तो मांडण्याआधी थोडी सरकारी माहिती द्यायची खोड आहे, ती पुरवून घेतो.

आनंदवन सुरू झालं 1951 साली. त्या वेळी ते कुठे होतं? महाराष्ट्र तर तेव्हा जन्मायचा होता. वरोरा होतं मध्यप्रदेशात, ज्याची राजधानी होती नागपूर. आणि आपलं इंदूर होतं मध्यभारतात. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा चांदा-वरोरा तिकडे गेले आणि आपण मध्यप्रदेशात आलो. म्हणजे आनंदवनची पहिली फाइल मध्यप्रदेश सरकारच्या कपाटात उघडली गेली असणार. सीमा माणसांना इकडून तिकडे न हलवताही परकं करून टाकतात, हे आपल्या चार-पाच पिढ्यांना कुणी वेगळं सांगायला नको.

आता त्या रोगाबद्दल. कुष्ठरोग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झडलेली बोटं येतात. बोटं रोगाने झडतात असंच आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्यक्षात हा जंतू, जो नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी 1873 मध्ये शोधला, तो मुख्यतः कातडी आणि मज्जातंतूंवर हल्ला करतो. मज्जातंतू मेले की त्या जागेची वेदना जाते. गरम पातेलं हाताला लागलं तरी कळत नाही. पायात काटा मोडला तरी माणूस चालत राहतो. जखम होते, चिघळते, पुन्हा त्याच जखमेवर मार बसतो, हाड आतून झिजत जातं. बोटं जातात ती अशी.

हे ज्यांनी नीट उलगडून दाखवलं त्यांत डॉ. पॉल ब्रँड यांचं नाव मोठं आहे. जन्म 1914 चा, म्हणजे बाबा आमट्यांच्याच वर्षाचा, आणि तोही भारतातलाच, तमिळ डोंगराळ भागात काम करणाऱ्या मिशनरी आईवडिलांच्या पोटी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. हात सरळ व्हायचे, जखमा भरायच्या, आणि तरी काही रुग्णांची बोटं सकाळी उठल्यावर कमी झालेली दिसायची. रात्रीत असं होतं काय? पाळत ठेवली तेव्हा कळलं, उंदीर कुरतडून नेत होते, आणि झोपलेल्या माणसाला पत्ता नव्हता. मग घरी जाणाऱ्या रुग्णाला औषधाबरोबर एक मांजर द्यायची पद्धत पडली. ऐकायला गंमत वाटते. आम्ही मात्र गाडीत हे बोलत होतो तेव्हा कुणी हसलं नाही. दुखणं ही माणसाची चौकीदारी आहे. आमच्या कामातही पंप आवाज करायला लागला की आम्ही निश्चिंत असतो, की बिघाड सापडेल. काही न बोलता बंद पडणारा पंप आम्हाला घाम फोडतो.

रोगाने शरीराची वेदना जायची, पण त्याच रोगाने दुसरं दुःख यायचं आणि ते भरपूर जाणवायचं. घरातून ताट वेगळं व्हायचं, मग खोली, मग गोठा, मग गाव. नवरा टाकायचा, बायको माहेरी जायची, मुलांची लग्नं अडायची म्हणून माणूस आपण होऊन निघून जायचा. आणि कायदासुद्धा याच बाजूचा होता, हे आम्हाला सरकारी नोकर म्हणून सांगायलाच हवं. 1898 चा ‘लेपर्स ॲक्ट’ पुस्तकातून निघाला तो 2016 साली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते काढलं गेलं 2019 साली. औषध त्याच्या किती आधी आलेलं होतं! डॅप्सोन 1940 च्या दशकात आलं. तीन औषधांचा एकत्र उपचार जागतिक आरोग्य संघटनेने 1981 पासून सुचवला. तो आजही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, आणि सहा महिने ते वर्षभरात माणूस बरा होतो. बहुतेकांच्या अंगात या रोगाची प्रतिकारशक्ती मुळातच असते. कातडीवर फिकट चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका, दाखवा. एवढं सांगण्यासाठी भाषण पाच मिनिटं लांबलं तरी चालेल.

आता बाबांकडे येऊ. हिंगणघाटच्या सधन घरचा मुलगा, वकील, शिकारीचा शौक. वरोऱ्याला नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचं दुःख समजून घ्यायचं म्हणून स्वतः डोक्यावरून मैला वाहिलेला माणूस. इंग्रज शिपायांशी एकट्याने भिडला म्हणून गांधीजींनी ‘अभय साधक’ म्हटलं. असा हा माणूस एका पावसाळी संध्याकाळी गटाराच्या कडेला पडलेला एक देह बघतो. हाताची बोटं नाहीत, जखमांत किडे पडलेले. नाव तुळशीराम. आणि अभय साधक घाबरून घरी पळून येतो.

ही घटना बाबांनी स्वतः पुष्कळदा सांगितलेली आहे. पळालो, हे त्यांनी लपवलं नाही. नंतर ते परत गेले, तुळशीरामवर आडोसा केला, त्याला खाऊ घातलं. तुळशीराम वाचला नाही. पण ती भीती बाबांना कित्येक महिने सोडत नव्हती. मग ते कुष्ठरोग शिकले, 1949 मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन अभ्यासक्रम केला, आणि तिथे प्रयोगासाठी या रोगाचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले. रोग झाला नाही. साधनाताई या सगळ्याला संमती देऊन घरी दोन लहान मुलांना घेऊन बसल्या होत्या. पदरी दोन तान्ही मुलं असताना नवऱ्याला या कामासाठी हो म्हणणं! आमच्यातल्या भगिनी गाडीत याच मुद्द्यावर थांबल्या होत्या, आणि पुरुष मंडळी खिडकीबाहेर बघत होती.

1951 च्या जूनमध्ये आनंदवन सुरू झालं. विनोबांच्या हस्ते. सरकारने दिलेली पन्नास एकर जमीन, म्हणजे दगडगोटे, झुडपं, साप आणि विंचू. सोबत सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रं आणि रोख 14 रुपये. आणि पाणी नव्हतं.

इथे आम्हाला जरा रेंगाळू द्या, कारण हे आमचं खातं आहे.

गोष्टीत एका वाक्यात येतं, त्यांनी विहीर खोदली. विहीर खोदणं म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच ठाऊक. वरची माती हा हा म्हणता निघते. मग मुरूम लागतो, तिथे कुदळीच्या दांड्याने हाताला फोड येतात. मग खडक. पहार दोन्ही हातांनी उचलून खाली टाकायची, तिचा हादरा मनगटातून खांद्यापर्यंत जातो. फुटलेला दगड घमेल्यात भरायचा, वर द्यायचा. आमच्याकडे धडधाकट मजूरही उन्हाळ्यात दर अर्ध्या तासाला खालीवर बदलतात. आता असा हात कल्पनेत आणा, ज्याला फोड आलाय हे कळतच नाही. पहार घट्ट धरलीय की सैल, हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं. फोड फुटला, रक्त आलं, तर शेजारच्याने सांगायचं. रोज संध्याकाळी काम झाल्यावर एकमेकांचे हात-पाय उजेडात तपासायचे, कारण स्वतःचं दुखणं स्वतःला समजत नाही.

असल्या हातांनी खडक फोडून विहीर झाली. पाणी लागलं.

आम्ही खात्यात असताना बोअरला पाणी लागण्याचे कितीतरी प्रसंग पाहिले. रिग मशीनच्या पाइपातून पाण्याचा फवारा उडतो, गावची पोरं भिजतात, सरपंच नारळ फोडतात. त्या पाण्याचा आनंद आम्हाला ठाऊक आहे. पण ज्यांना गावाच्या विहिरीच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही, त्यांना स्वतः खोदलेल्या विहिरीचं पाणी कसं लागलं असेल, याचा हिशोब आमच्या कुठल्याही एस्टिमेटमध्ये बसत नाही. पाणी आलं म्हणून शेती आली, शेती आली म्हणून भाजी आली. आणि भाजी वरोऱ्याच्या बाजारात नेली तेव्हा कुणी घेईना.

इथे तो प्रश्न येतो. औषधाने रोग जातो. जंतू मेले, तपासणी स्वच्छ आली, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की हा माणूस बरा झाला. पुढे? बरा झालेला माणूस जाणार कुठे? घरात त्याची खाट निघालेली असते. शेत भावांनी वाटून घेतलेलं असतं. बोटं परत येत नाहीत. दुःखाचं कारण संपलेलं असतं, आणि दुःख मात्र जिथल्या तिथे असतं. हे फक्त कुष्ठरोगाचं नाही. अपघात, मृत्यू, कर्ज, पक्षाघात, सगळ्यांत एक दिवस असा येतो की भेटायला येणारे येऊन गेले, कागदपत्रं पूर्ण झाली, आता सकाळी उठून करायचं काय?

बाबांनी या प्रश्नाचं उत्तर कामात शोधलं. आनंदवनात भीक बंद, काम सुरू. आज तिथे हातमाग आहेत, सुतारकाम आहे, छापखाना झाला, पत्र्याचे डबे तयार झाले, शेती आणि दुभती जनावरं तर आहेतच. पुढे डॉ. विकास आमट्यांच्या काळात जुने टायर आणि प्लॅस्टिकचा कचरा वापरून पाणी अडवायचे बांध घातले गेले. आमच्यातले दोघं खात्यातलेच, त्यामुळे बाकीचे सात जण पुढे निघून गेले तरी ते दोघं बांधांचीच चर्चा करत राहिले. असो.

भाजीचं पुढे काय झालं? सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल नावाच्या संस्थेतून वेगवेगळ्या देशांतले तरुण आनंदवनात श्रमदानाला आले. त्यांनी दवाखान्याची इमारत बांधायला हात लावला, तिथेच राहिले, तिथलीच भाजी खाल्ली. वरोऱ्याच्या लोकांनी पाहिलं की हे गोरे लोक खाताहेत आणि त्यांना काही होत नाही. हळूहळू भाजी विकली जाऊ लागली. आपल्या माणसाच्या हातचं घ्यायला साहेबाचं प्रमाणपत्र लागलं, हे आपल्या समाजाचं दुखणं आहे. ते आजही पुरतं बरं झालेलं नाही.

पण खरी गोष्ट याच्या पुढची. 1964 मध्ये आनंदवनाच्या जमिनीवर आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झालं. कुणासाठी? वरोऱ्याच्या आणि आसपासच्या धडधाकट मुलामुलींसाठी. बांधलं कुणी? कुष्ठरुग्णांनी. ज्या गावाने ज्यांची भाजी घेतली नाही, त्या गावाच्या मुलांच्या वर्गखोल्यांच्या विटा त्यांनी रचल्या. पुढे शेतकीचं महाविद्यालय झालं, अंध मुलांची शाळा झाली, मूकबधिरांची झाली. घेणाऱ्याच्या रांगेत उभं केलेला माणूस देणाऱ्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला. आम्हाला विचाराल तर विहिरीपेक्षा ही घटना मोठी आहे. विहीर स्वतःच्या तहानेसाठी खोदली होती.

इथे थोडं मतभेदाचं बोलायचं आहे. आपल्याकडे एक बोलण्याची रीत आहे, की दुःख माणसाला मोठं करतं, सोनं आगीतूनच निघतं, देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो. समाचाराला जाऊन हे सांगणारी माणसं मनाने वाईट नसतात. तरी आम्हा नवांपैकी एकालाही हे पटत नाही. तुळशीरामला दुःखाने मोठं केलं नाही. त्याला मारलं. गटाराच्या कडेला, पावसात. रोग तोच होता, जो विहीर खोदणाऱ्या सहा जणांना होता. वेदना, किडे, घरच्यांनी टाकणं, सगळं तेच. मग फरक कशाने पडला? दुःखाच्या प्रतीत तर काही फरक नव्हता. कुणीतरी येऊन हातात पहार दिली आणि म्हटलं, पाणी लागायला हवं, तुझ्याशिवाय होणार नाही. त्या दुःखाला अर्थ आला असेल तर तो तिथून आला, असं आम्हाला वाटतं. दुःखाला स्वतःचा अर्थ नसतो. असता तर तुळशीरामला सगळ्यात जास्त मिळायला हवा होता.

फार लांबच्या एका माणसाचा दाखला यासाठी देतो, कारण तो अगदी वेगळ्या वाटेने याच जागी पोचला. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल. ज्यू म्हणून नाझींनी त्यांना 1942 मध्ये पकडून छावणीत टाकलं. जवळपास तीन वर्षं, त्यात ऑशविट्झही. आई, वडील, भाऊ, पत्नी सगळे गेले. 1946 मध्ये त्यांनी जे पुस्तक लिहिलं त्यात दोन कैद्यांची हकीगत आहे. दोघांनाही जीव द्यायचा होता, आयुष्याकडून आता काही मिळणार नाही असं दोघंही म्हणत होते. फ्रँकलनी त्यांना जगण्याची थोरवी सांगितली नाही. तुमची वाट कोण पाहतंय, एवढंच शोधायला लावलं. एकाचं मूल परदेशात होतं. दुसऱ्याची शास्त्रीय ग्रंथमाला अर्धवट होती, ती दुसरं कुणी पुरी करू शकत नव्हतं. दोघांनीही जीव दिला नाही. फ्रँकल विद्वान, बाबा कर्ते. व्हिएन्ना कुठे आणि वरोरा कुठे! पण निराशेने खाली बसलेल्या माणसाला दोघांनीही विचारलं ते एकच, की तुझ्यावाचून कुणाचं अडलं आहे.

आता घरचं सांगतो. यासाठी परवानगी घेतलेली आहे.

एप्रिल 2021 आपण कुणीच विसरणार नाही. या मंडळातल्या किती घरांतून किती माणसं गेली त्याची यादी इथे वाचायची गरज नाही, ज्यांच्या घरची गेली त्यांना पाठ आहे. आमच्या घरातून आमचे थोरले बंधू गेले. अकरा दिवसांत. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. वहिनी, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी, त्या दिवसापासून बोलेनाशाच झाल्या. रडणंसुद्धा नाही. ब्रँडसाहेबांचं ते बधिर हाताचं वाचलं तेव्हा आम्हाला पहिल्यांदा त्या महिन्यांची आठवण झाली.

दुःखाच्या घरी एक चांगली रीत असते, ती तिथेही पाळली गेली. शेजारून डबे आले. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, तुम्ही बसा, आम्ही करतो. दूध कुणी आणायचं, भाजी कुणी निवडायचं, तुळशीला पाणी कुणी घालायचं. सगळे मायेने करत होते, आणि वहिनी बसून होत्या. चार महिने.

आपल्या मंडळात रविवारी मुलांचा मराठी वाचनाचा वर्ग चालतो, तो चालवणाऱ्या काकू आपल्याला ठाऊक आहेत. त्यांची दृष्टी त्या वर्षी फार कमी झाली होती. त्या घरी आल्या आणि इकडचं तिकडचं काही न बोलता वहिनींना म्हणाल्या, “अगं, ही मुलं बाळाला बाल म्हणतात आणि कमळाला कमल. मला आता पुस्तक दिसत नाही. तू ये.” वहिनी नाही म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात काकू पुन्हा आल्या, वहिनी पुन्हा नाही म्हणाल्या. तिसऱ्या रविवारी काकू आल्याच नाहीत. दार वाजलं, उघडलं, तर बाहेर मास्क लावलेली सात मुलं, हातात पुस्तकं. त्यातला सगळ्यात लहान विचारतो, “आँटी, चप्पल कुठे काढू?”

आता सात मुलांना दारातून परत कसं पाठवायचं? अंगणात सतरंजी घातली गेली. तास-दीड तास ‘ळ’ चालला. जीभ टाळ्याला कशी लावायची ते वहिनी करून दाखवत होत्या, आणि मुलं तोंडं वेंगाडून एकमेकांना हसत होती. त्या संध्याकाळी वहिनींनी चार महिन्यांत पहिल्यांदा आपण होऊन काहीतरी मागितलं. खडूचा डबा.

त्या दिवसापासून दुःख गेलं असं आम्ही म्हणणार नाही. एप्रिल महिना आमच्या घरात अजून जड जातो. बंधूंची स्कूटर अजून आहे, ती कुणी विकत नाही आणि कुणी चालवत नाही. आणि त्या दिवशी संध्याकाळी, मुलं गेल्यावर, वहिनी पहिल्यांदा रडल्याही. आम्ही सगळे घाबरलो, काकू मात्र ऐकून म्हणाल्या, “बरं झालं. आता दुखायला लागलं.” काकूंनी ब्रँडसाहेबांचं नावही ऐकलेलं नाही.

डिसेंबरात आनंदवनला आलेल्या नऊ जणांत वहिनीही होत्या. तिथे हातमागाच्या शेडमध्ये एक म्हातारी बाई सूत गुंडाळत बसल्या होत्या. हाताची बोटं पेरापेरावर तुटलेली, पण सूत काही निसटत नव्हतं. आपण कुणाला भेटलो की काय विचारतो? गाव कुठलं, मुलं किती, मिस्टर काय करतात. वहिनी गेली काही वर्षं या शेवटच्या प्रश्नाला घाबरून माणसं टाळतात. त्या बाईंनी हात न थांबवता वर बघितलं आणि विचारलं, “काय काम करतेस बाई?”

वहिनी म्हणाल्या, “मुलांना ‘ळ’ शिकवते.”

म्हातारीला ते काही कळलं नसावं. पण तिने मान डोलावली, जशी एखाद्या कारागिराने दुसऱ्या कारागिराला पाहून डोलवावी, आणि शेजारचं पोतं सरकवून बसायला जागा केली. अर्धा तास दोघी काय बोलत होत्या ते आम्हाला माहीत नाही. बस सुटायची वेळ झाली म्हणून बोलवायला जावं लागलं.

बाबांच्या शेवटाबद्दल दोन शब्द सांगून थांबतो, कारण तो आपल्या राज्याशी जोडलेला आहे. त्यांच्या पाठीचा कणा तरुणपणापासूनच्या कष्टांनी आणि आजाराने इतका निकामी झाला होता की त्यांना बसता येत नसे. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. त्या अवस्थेत 1985 मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा निघाली, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते आणि गाडीत झोपून प्रवास करत होते. 1990 मध्ये त्यांनी आनंदवन मुलांच्या हाती सोडलं आणि ते इथे आले, बडवानीजवळ, नर्मदेच्या काठी कसरावदला. इंदूरहून फार तर दीडशे किलोमीटर. धरणामुळे ज्यांची घरं जाणार होती त्यांच्याजवळ राहायचं म्हणून साधनाताईंसह सुमारे दहा वर्षं ते तिथे राहिले. धरण व्हावं की नको, यावर या मंडपातही दोन मतं असतील, आणि पाणी पुरवणाऱ्या खात्यातल्या माणसाने त्यात न पडलेलं बरं. पण पंच्याहत्तरीतला, बसता न येणारा माणूस नवं गाव आणि नवी लढाई घेतो, तेव्हा त्याच्याही दुखण्याला कुणाची तरी गरज लागत होती, हे दिसतं. 9 फेब्रुवारी 2008 ला ते आनंदवनात गेले. त्यांना अग्नी दिला नाही. त्यांच्या इच्छेप्रमाणे आनंदवनाच्याच मातीत पुरलं.

आम्ही गेलो तेव्हा तिथे ऊन कोवळं होतं. बाजूला कामावर जाणाऱ्या बायकांचा घोळका चालला होता. कुणी थांबून नमस्कार केला, कुणी तसंच पुढे गेलं, कामाची वेळ झाली होती.

सचिवसाहेब मघापासून घड्याळ दाखवताहेत. दोन सूचना सांगतो. येत्या डिसेंबरात पुन्हा जायचा विचार आहे, या वेळी तरुण मुलांना घेऊन. नावं वहिनींकडे द्यायची. त्या आत्ता प्रसादाच्या टेबलापाशी उभ्या आहेत. आणि रविवारच्या वर्गाला आता सव्वीस मुलं झाली आहेत, वहिनींना मदतीला आणखी दोन माणसं हवी आहेत. शिक्षण किती, अनुभव किती, काही अट नाही. फक्त ‘ळ’ म्हणता यायला हवा.

आरतीला उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. गणपती बाप्पा मोरया!